डिकी मोजत बसलो अन् पुरातली गाडी गळ्यात पडली

हे लिहायला मला वर्ष लागलं, कारण एकच, लाज. आमच्या गल्लीत कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला घेऊन जायचे. मी बोनेट उघडणार, ऑइलचं झाकण काढून वाफ बघणार, टायरवरनं हात फिरवणार आणि म्हणणार घे किंवा सोड. असा मी आणि मलाच चार लाख दहा हजाराला कुणीतरी पाण्यातनं काढलेली गाडी विकली.

आधी गाडी कशाला पाहिजे होती ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. आम्ही तिघं-चौघं सायकलवाले. रविवारी पन्हाळा किंवा जोतिबा, सुट्टी मोठी असली तर राधानगरी, हे घरातनं पेडल मारतच होतं. पण आंबोलीला जाऊन तिथं चालवायची म्हटलं, किंवा पावसात पन्हाळा ते पावनखिंड ट्रेकला सामान घेऊन कुणीतरी गाडीनं पुढं जायचं म्हटलं, की तंबू, स्लीपिंग बॅग, दोर, स्टोव्ह आणि तीन सायकली एका गाडीत बसवायच्या कशा. माझ्या जुन्या हॅचबॅकला मागं पट्ट्याचा कॅरियर लावायचो, त्यानं नंबर प्लेट झाकते आणि मागचे लाइट पण झाकतात, त्याबद्दल दंड भरून झालेला. शिवाय चहाला थांबलं तरी एकानं गाडीपाशी उभं राहायचं, कारण सायकल गाडीपेक्षा लवकर चोरीला जाते. म्हणून ठरवलं, सायकली आतच पाहिजेत.

मग मी लागलो मापं घ्यायला. पुढचं चाक काढलं की माझी एमटीबी (डोंगरात चालवायची सायकल) साधारण १४० सेंटीमीटर लांब, हँडल ७४ रुंद, सीट पूर्ण खाली केली तरी उंची नव्वदच्या आसपास. पुठ्ठ्याचा त्या मापाचा तुकडा कापला आणि तो काखेत मारून गाड्या बघत फिरलो. लोक हसायचे. ईको बघितली, पाच सीटरच्या मागं जागा म्हणजे खोलीच, सपाट, स्वस्त, पण बायको म्हणाली तुम्ही सायकली न्या, मी त्यात लग्नाला येणार नाही. अर्टिगाची तिसरी सीट पाडली की जागा होते पण उंची कमी, सायकल आडवी टाकावी लागते आणि एकावर एक टाकल्या की खालच्या सायकलचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, गेलाच म्हणून समजा. बोलेरो मजबूत पण मागचा फ्लोअर उंच, पावसात कमरेएवढी सायकल उचलून ठेवायला दम लागतो. इनोव्हाच्या मागच्या सीटा घडी घालून दोन्ही बाजूंना कपाटासारख्या उभ्या राहतात, रुंदी तिथंच संपते, आणि इनोव्हाचा भाव काय, सोन्यासारखा, गाडी दहा वर्षांची झाली तरी उतरत नाही. शेवटी रेनोच्या लॉजीवर आलो. तिची तिसरी सीट अख्खी बाहेर काढून घरात ठेवता येते, दुसरी पुढं उभी करता येते, खाली मोकळा फ्लोअर मिळतो. २०१५ ला आलेली, २०२० ला बंद पडलेली गाडी, त्यामुळं जुन्या बाजारात भाव पडलेला, आणि इंजिन डस्टरवालंच दीड लिटर डिझेल, म्हणजे पार्टची फार काळजी नाही. इथंपर्यंत माझं काही चुकलेलं नाही, आजही मी सायकलींसाठी लॉजी चांगलीच म्हणतो. गाडीच्या कंपनीचा यात काही दोष नाही.

चुकलं ते पुढं. मी चार-पाच डीलरना फोन केला आणि प्रत्येकाला अख्खी रामकहाणी सांगितली. मला तीन सायकली न्यायच्यात, तिसरी सीट निघाली पाहिजे, बजेट चार-सव्वाचार. म्हणजे गळाला काय लावायचं ते माशानंच सांगितलं. पाचव्या दिवशी एका डीलरचा फोन (नाव घालत नाही, तक्रार चालू आहे). "दादा, तुमच्यासाठीच गाडी आलीय बघा. आधीचा मालक पण सायकलवालाच."

गेलो तर खरंच. २०१६ ची डिझेल, पांढरी, एमएच १२ पासिंग, रीडिंग अडुसष्ट हजार. तिसरी सीट काढलेली आणि मागं पूर्ण लांबीचा प्लायवूड बसवलेला, त्यावर काळं मॅटिंग, कडेला सायकलचा पट्टा अडकवायला चार हुक. मी पुठ्ठा आत घातला, मावला. टेप काढून लांबी, रुंदी, उंची, दाराची उंची सगळं मोजलं. डीलर बाजूला उभा राहून टेपचं दुसरं टोक धरत होता. अर्धा तास तो माणूस टेप धरून उभा होता आणि मला वाटलं काय सज्जन माणूस आहे.

आता विचार करतो तर दहा वेळा शिव्या देतो स्वतःला. आठ वर्षांच्या गाडीत सीट कव्हर नवे, मॅटिंग नवं, छताचं कापड स्वच्छ, दाराच्या आतल्या पॅडला पॉलिशचा वास. नवं घर घेताना सुद्धा एवढा नवा वास येत नाही. मी तो वास घेतला आणि खूश झालो.

कोल्हापुरात राहून पुराची शंका आली नाही असं नाही हं. इथं शेंबड्या पोराला पण माहिती असतं, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका. २०१९ ला पंचगंगा पंचावन्नच्या वर गेली, २०२१ ला छप्पनच्या वर, दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली. त्यात किती गाड्या बुडाल्या हे आपण डोळ्यानं बघितलंय. म्हणून मी एमएच ०९ आणि एमएच १० ची, म्हणजे कोल्हापूर-सांगलीची गाडी बघायचीच नाही असं ठरवलेलं! आणि ही एमएच १२, पुण्याची, म्हणून मी निवांत. आरसी हातात घेतली, चेसिस नंबर जुळवला, कर्जाचा बोजा नाही ते बघितलं. दुसऱ्या मालकाचा पत्ता सांगलीचा होता तो वाचला पण डोक्यात शिरला नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी विकली की नंबर बदलत नाही, नंबर पुण्याचाच राहतो आणि गाडी नदीकाठी नांदते, एवढी साधी गोष्ट.

व्हॉट्सॅपवर मी विचारलेलं पण, "पुरातली नाही ना?" त्याचं उत्तर लेखी आलं नाही. दोन मिनिटात फोन आला, "काय दादा, आमच्यावर विश्वास नाही काय, नॉन फ्लड, नॉन अॅक्सिडेंट, आईची शपथ." आणि मेसेजला नुसता अंगठा. हे नीट लक्षात घ्या, गाडीचा फोटो, व्हिडिओ, भाव, हप्ता सगळं तो व्हॉट्सॅपवर टाइप करत होता, फक्त या एका प्रश्नाला फोन.

पैसे देतानाची गंमत वेगळीच. एक लाख नव्वद रोख द्या म्हणाला, दोन लाखाच्या आत ठेवू, वरचं नको. बाकीचे दोन वीस आरटीजीएसनं, पण त्याच्या फर्मच्या खात्यावर नाही, कुणा तिसऱ्याच माणसाच्या. बिल नाही, नुसता स्टॅम्प पेपर, त्यात एक ओळ "गाडी जशी आहे तशी पाहून, चालवून, समाधान झाल्यावर घेतली." मी सही मारली. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सांगलीच्या मालकाच्या सह्या आधीच झालेल्या, बाकी रकाने कोरे. म्हणजे कागदावर गाडी सांगलीच्या माणसाकडनं थेट माझ्याकडं आली. डीलर कुठंच नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिली की तशी ऑनलाइन नोंद करावी लागते, हे मला नंतर कळलं. त्या ऑफिसात गणपती, लक्ष्मी, सगळ्यांचे फोटो होते, प्रमाणपत्र नव्हतं.

मार्चमध्ये गाडी घेतली. मार्च, एप्रिल, मे गाडी नाद खुळा चालली. तीन वेळा आंबोली केली, मित्र म्हणाले भावा, काय शोधून काढलीस. खरं तर कोरड्या हवेत चालणारच ती.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि आत कुबट वास यायला लागला. मला वाटलं आमचेच बूट आणि मोजे. मग एअरबॅगचा लाइट लागला तो विझेना. डाव्या दाराची काच कधी चढायची कधी नाही. एका रात्री गाडी बंद करून झोपलोय आणि अडीच वाजता हॉर्न आपला आपण वाजायला लागला, समोरच्या काकू बाल्कनीत येऊन जे काय बोलल्या ते इथं लिहिता येत नाही.

जुलैत आंबा घाटाकडं निघालो. मलकापूर सोडलं, पाऊस असा की वायपर पुरेना, आणि चढाला गाडी एकदम मेली. लाइट पण गेले. तीन सायकली आत, चार माणसं, त्यात मित्राचा बारा वर्षांचा पोरगा, मोबाइलला रेंज नाही, मागनं ट्रक येतायत आणि आम्ही टॉर्च हलवत उभे. दोन तासांनी एका टेम्पोवाल्यानं दोरानं ओढून मलकापुरात आणलं, पैसे घ्यायला तयार नव्हता, बळंच दिले. तेवढा वेळ त्या अंधारात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं. चार-दोन लाख गेले ते गेले, पण त्या वळणावर मागनं एखादा आला असता तर?

दुसऱ्या दिवशी क्रेननं कोल्हापूरला. मिस्त्री वयस्कर, बोलणं कमी. त्यानं वायरिंग बघायला आधी तो प्लायवूड काढायला लावला. मी म्हटलं कशाला, ते चांगलंय. त्यानं बघितलंच नाही माझ्याकडं. प्लाय निघाला, त्याखालचा मूळ गालिचा उचलला आणि खालच्या फोममध्ये बोट खुपसून बाहेर काढलं. बोटाला गाळ. मऊ, टाल्कम पावडरसारखा, आपल्या नदीचा असतो तसा. सीटचे बोल्ट गंजलेले, सीटखालच्या वायरिंगचं कपलर उघडलं तर पिना हिरव्या. मग त्यानं पुढच्या सीटबेल्टचा पट्टा धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. वरचा भाग धुतलेला, स्वच्छ. शेवटची वीतभर पट्टी मातकट, त्यावर सरळ रेघ.

"पाव्हणं, गाडी छातीएवढ्या पाण्यात हुती. तुमी काय बघून घेतली?"

टेपनं मोजून घेतली, असं सांगायची हिंमत झाली नाही.

पुढं मी जे केलं ते आधी करायला पाहिजे होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन हिस्ट्री मागितली, शेवटची सर्व्हिस जून २०२१, त्यानंतर एक पण नोंद नाही. सांगलीच्या मालकाचा नंबर काढून फोन केला, तो माणूस सरळ. म्हणाला, अहो माझी गाडी २०२१ च्या पुरात गेली, इन्शुरन्सनं टोटल लॉस धरला, मला पैसे मिळाले, गाडी नव्वद हजाराला भंगार म्हणून उचलून नेली, मी कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस धरतात. मधली अडीच वर्षं गाडी कुणाकुणाकडं फिरली देवाला ठाऊक, आरसीवर सगळा वेळ त्याचंच नाव. आणि सायकलवाला मालक? तो म्हणाला माझ्याकडं आयुष्यात सायकल नव्हती, शाळेत असताना होती एक.

म्हणजे माझा फोन झाल्यावर चार दिवसात तो प्लाय कापून, हुक मारून, माझ्यासाठीच बसवला होता. तो टाकला की खाली गालिचा उचलून कोण बघणार. याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

तर तुम्ही कुणी घेत असाल तर गाडी बघायच्या आधी आपली गरज सांगू नका, नुसतं मॉडेल विचारा. मागं प्लाय, मॅट, स्पीकरचा डबा काही असलं तर उचलायला लावा, नाही म्हणाला तर घरी या. सीटबेल्ट पूर्ण ओढा, पाच सेकंदाचं काम आहे. चालू थर्ड पार्टी पॉलिसी दाखवून गप करतात, ती नको, तिच्या आधीच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस (क्लेम केला नाही म्हणून मिळणारी सूट) बघा, शून्य असला तर का शून्य ते विचारा, एक तर मालक बदललाय किंवा क्लेम झालाय. माझ्या डीलरनं जुन्या पॉलिसी "मालकाकडंच राहिल्या" म्हणून सांगितलं होतं. गाडी शक्यतो पावसाळ्यात बघा, उन्हाळ्यात पुरातल्या सगळ्याच वाळलेल्या असतात. आणि पैसे ज्याच्याशी बोलताय त्याच्याच खात्यावर.

डीलरकडं गेलो तर पहिल्यांदा चहा दिला, म्हणाला आम्ही नुसते मध्यस्थ. दुसऱ्यांदा चहा नाही. तिसऱ्यांदा आतनं दोन पोरं आली आणि बाहेर उभी राहिली. मग १९१५ नंबरच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घातली, वकिलाची नोटीस दिली, आता जिल्हा ग्राहक आयोगात आहे. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं, लाजेनं बसून राहिलो असतो तर ते पण गेलं असतं. पुरावा म्हणून माझ्याकडं तो अंगठा, हिस्ट्रीचा कागद, सांगलीच्या मालकाचं प्रतिज्ञापत्र आणि एका पिशवीत भरून ठेवलेला गाळ. वकील म्हणाला गाळ नको. मी ठेवलाय.

वायरिंगवर अडतीस हजार घालून मिस्त्रीनंच हात जोडले, आता गाडी गल्लीच्या टोकाला झाकून उभी आहे, सायकली परत पट्ट्याच्या कॅरियरवर. पुढची तारीख महिन्याभरानं आहे. प्लाय मात्र काढून घेतला, १८ एमएमचा, चांगला वॉटरप्रूफ निघाला, एक टवका उडालेला नाही. त्याचा सायकल उभी करायला स्टँड केलाय जिन्याखाली.