नऊ महिने, एक भाची आणि माझी जुन्या सिनेमांची यादी

भाची नोकरीसाठी पुण्यात आली आणि आमच्याकडे कोथरूडला राहू लागली. वय २३, कंपनी हिंजवडीत, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार ती घरी फक्त झोपायला. पहिल्याच आठवड्यात जेवताना म्हणाली, "मावशी, मी एकही ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही. तुझ्याकडे यादी आहे का?"

यादी! हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वर्षानुवर्षं टपून बसले होते. त्या रात्री वहीत ४० नावं लिहिली. दर शनिवारी संध्याकाळी एक, असं ठरलं. लग्नं, सर्दीताप आणि तिच्या ऑफिसचे उशीर वजा जाता नऊ महिन्यांत २७ सिनेमे झाले. यादीतलं काय टिकलं, काय गळून पडलं, ते लिहून ठेवते. घरात कुणाला हाच उद्योग करायचा असेल तर निदान माझ्या चुका तरी टळतील.

पहिली चूक क्रमाची. जो सिनेमा मला सगळ्यात थोर वाटतो तो मी सगळ्यात वर लिहिला होता. म्हणून पहिल्या शनिवारी 'कागज़ के फूल'. गुरुदत्तचा, १९५९चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा सिनेमा. रिकाम्या स्टुडिओत छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आणलेला तो उन्हाचा झोत मी आयुष्यात किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. भाची अर्ध्या तासात झोपली. झोत आला तेव्हा सोफ्यावर मी एकटीच जागी होते, आणि मला तिचा भयंकर राग आला होता.

दुसऱ्या शनिवारी 'मुगल-ए-आज़म'. तीन तासांच्या वरचा मामला. तिचं हिंदी ऑफिसपुरतं, त्यात ते दरबारी उर्दू. मध्येच तिने विचारलं, "हे सगळे एवढं हळू का बोलतायत?" आणि मी रिमोटने थांबवून तिला दहा मिनिटं शीशमहालाची माहिती दिली. तिसऱ्या शनिवारी तिला अचानक मैत्रिणीकडे जायचं होतं. चौथ्यालाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की उत्तम सिनेमा वेगळा आणि पहिला सिनेमा वेगळा. 'कागज़ के फूल' समजायला आधी सिनेमा या वेडाविषयी थोडी माया जमलेली असावी लागते. जिची अजून ओळखच झालेली नाही तिला मी थेट तेराव्याला नेलं होतं.

मग वही बाजूला ठेवून, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं: तू एरवी काय बघतेस? कोर्टाच्या मालिका, खुनाचा तपास, आणि राजकारणाच्या बातम्या. प्रेमकथा अजिबात नाही. माझ्या यादीतल्या पहिल्या दहापैकी सात प्रेमकथा होत्या.

पाचव्या शनिवारी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' लावला. १९५७चा, ९६ मिनिटांचा, जवळजवळ सगळा एका खोलीत. खटल्याचा निकाल ठरवणारे बारा ज्यूरर, खुनाचा आरोप असलेला एक पोरगा, अकरा जण म्हणतात दोषी आणि एक म्हणतो, जरा बोलूया. भाचीने फोन उलटा ठेवला. पंधराव्या मिनिटाला म्हणाली, "तो मॅचची तिकिटं घेऊन बसलाय ना, तसा एक आमच्या टीममध्ये आहे." संपल्यावर मी फक्त एक गोष्ट सांगितली. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेपेक्षा वर ठेवला आणि हळूहळू खाली आणला, लेन्सही बदलत नेल्या, म्हणून ती खोली शेवटी शेवटी अंगावर येते. तिने पुन्हा मागे नेऊन तपासलं. खरंच तसं आहे म्हणाली. माझ्या दहा मिनिटांच्या व्याख्यानांपेक्षा हे एक वाक्य जास्त चाललं, आणि चाललं कारण ते सिनेमा संपल्यावर आलं.

त्यानंतर 'रिअर विंडो'. पाय मोडून चाकाच्या खुर्चीत अडकलेला फोटोग्राफर समोरच्या घरांच्या खिडक्यांत डोकावत बसतो. हिचकॉकची थोरवी वगैरे काही सांगावं लागलं नाही. गॅलरीत उभं राहून समोरच्या बिल्डिंगमध्ये काय चाललंय ते पाहण्याचा आम्हा सगळ्यांनाच पुरेसा सराव आहे.

मग मराठीकडे वळलो ते 'सामना'वरून. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. साखर कारखान्याचा सम्राट हिंदुराव म्हणजे निळू फुले, आणि कुठूनसा येऊन पडलेला दारुडा मास्तर म्हणजे श्रीराम लागू. "मारुती कांबळेचं काय झालं?" हा प्रश्न तिने मीम म्हणून ऐकला होता, कुठून आला ते ठाऊक नव्हतं. आता आमच्या घरात डब्यातले लाडू संपले की हाच प्रश्न विचारला जातो. पुढच्या आठवड्यात तिनेच 'सिंहासन' मागितला. १९७९चा तो सिनेमा पाहताना ती दर पाच मिनिटांनी आजच्या एखाद्या पुढाऱ्याचं नाव घेत होती. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर हे उभं आहे म्हटल्यावर तिने त्या मागवल्याही. एक अर्धी वाचून झालीय, दुसरी उशाशी आहे.

आता तांत्रिक भाग, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. जुन्या सिनेमांची चौकट चौकोनाच्या जवळ जाणारी असते, चारास तीन. आमचा टीव्ही ती ताणून पडदाभर करायचा आणि 'कुंकू'ची नायिका शांता आपटे फुगलेल्या पुरीसारखी दिसायची. पिक्चर साइजमध्ये जाऊन 'ओरिजिनल' किंवा चारास तीन निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. त्याने प्रत्येक सिनेमा दैनंदिन मालिकेसारखा दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचा आवाज. नव्या प्रेक्षकाला काळापांढरा रंग अडतो असं मला वाटायचं. भाची म्हणाली, रंगाची सवय दहा मिनिटांत होते, पण खरखरीतून शब्द शोधायचा कंटाळा येतो. टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर जुना ध्वनी चिरका येतो. वेगळा साधा स्पीकर जोडला आणि तक्रार निम्म्याने कमी झाली. सबटायटल्स मराठी सिनेमालाही लावली. आधी मला तो अपमान वाटला होता. आता मीही वाचते.

एका ॲपचं वर्षाचं सदस्यत्व मी केवळ जुन्या सिनेमांसाठी घेतलं होतं. यादीतले सहा सिनेमे तिथे दिसले म्हणून पैसे भरले, त्यातले चार दोन महिन्यांत गायब. आता आम्ही महिन्याच्या वर पैसे भरत नाही, आणि पुढच्या शनिवारचा सिनेमा आहे की नाही ते गुरुवारीच पाहून ठेवतो. नितळ प्रिंट कुठे सापडली की तारीख न बघता तीच आधी.

प्रिंटवरून एकदा वेगळीच गोष्ट निघाली. तिला भारतातला पहिला बोलपट बघायचा होता. म्हटलं, 'आलम आरा', १९३१, आणि त्याची एकही प्रत शिल्लक नाही. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. 'राजा हरिश्चंद्र'चाही तुकडाच उरलाय. मग लॉ कॉलेज रोडवरच्या चित्रपट संग्रहालयाबद्दल बोललो. १९६४ साली ते सुरू झालं तोवर किती रिळं चांदीसाठी वितळवली गेली होती, किती सडली होती. आणि जी वाचवून आणली त्यातलीही चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मची कितीतरी रिळं २००३च्या आगीत गेली. तिचं काम सर्व्हर आणि बॅकअपचं. तिने घास तसाच हातात धरून विचारलं, "दुसरी कॉपीच नव्हती?" त्या दिवसापासून खराब प्रिंटवर ती कुरकुरत नाही.

सहाव्या महिन्यात 'कुंकू'. आधीच दाखवला असता तर वाया गेला असता. दिग्दर्शक व्ही. शांताराम, प्रभात कंपनी, १९३७. मामाने फसवून म्हाताऱ्या विधुराशी लावलेलं लग्न नीरा मानत नाही, आणि मानत नाही म्हणजे शेवटपर्यंत मानत नाही. पार्श्वसंगीत नाही, घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, एवढंच. केशवराव दात्यांचे काकासाहेब आरशासमोर उभे राहून स्वतःचं वय बघतात तिथे भाचीने पहिल्यांदा मला गप्प बसायला सांगितलं, जरी मी काही बोलत नव्हते. नंतर बराच वेळ तिने १९३७ हा आकडा पुन्हापुन्हा म्हटला. आपल्या पणजीच्या पिढीला हे असं काही थेटरात बघायला मिळत होतं, हे तिला पचत नव्हतं.

'संत तुकाराम'ची मला धास्ती होती. ती देवाधर्मातली नाही. पण तिला तुकाराम नंतर भेटले, आधी आवली भेटली. गौरी या नटीने केलेली ती तुकारामांची बायको म्हशीशी बोलते, नवऱ्यावर करवादते, पोर आजारी पडल्यावर वहाण घेऊन विठोबावर धावून जाते. "ही बाई बरोबर आहे," भाचीचा निकाल. गाणी संपल्यावर तिला एक गंमत सांगितली: 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवल्यांनी लिहिलं, आणि लोक ते तुकोबांच्या गाथेत शोधत बसले होते. तिने लगेच फोनवर शोधलं, गाथेत नाही याची खात्री केली आणि मगच मान हलवली.

सगळंच जमलं असं नाही. तमाशातल्या बाईपायी उद्ध्वस्त होणाऱ्या मास्तराचा 'पिंजरा' सपशेल पडला. माझा लाडका. तिचं म्हणणं, "मास्तर स्वतःच्या पायांनी गेला आणि दोष बाईला?" आम्ही दोन दिवस धड बोललो नाही. तिचं निम्मं म्हणणं मला पटलंय, पण हे तिला सांगितलेलं नाही. 'सेव्हन समुराई' मात्र ३ तास २७ मिनिटांचा असूनही चालला, कारण त्यात मध्यंतर आहे आणि आम्ही तिथे थांबून उरलेला दुसऱ्या शनिवारी पाहिला. लांबीची भीती घालायची नाही, तुकडा पाडायचा. 'ब्रह्मचारी'ला ती मनापासून हसली, पण मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखावरून १९३८ साली एवढं वादळ का उठलं हे समजावता समजावता मीच थकले.

सगळ्यात चांगला शनिवार मात्र 'सिटी लाइट्स'चा. माझी आई ८४ वर्षांची आहे, कानाने जवळजवळ काही ऐकू येत नाही. एरवी आमचा सिनेमा सुरू झाला की ती जपमाळ घेऊन आत जाते. चॅप्लिनने १९३१ साली, बोलपट येऊन चार वर्षं झाल्यावरही, हट्टाने संवादाशिवाय हा सिनेमा केला. आई दारात उभी राहून बघू लागली, मग खुर्ची ओढून बसली. बॉक्सिंगच्या प्रसंगाला आजी आणि नात एकाच वेळी हसत होत्या, कुणी कुणाला काही समजावत नव्हतं. शेवटी आंधळी मुलगी, जिला आता दिसतंय, त्याच्या हाताला हात लावून त्याला ओळखते, तिथे आईने पदराने डोळे पुसले आणि भाची उशी चेहऱ्यावर घेऊन बसली. आता आई शुक्रवारीच विचारते, उद्या बोलणारा आहे की न बोलणारा?

आता यादीची अवस्था. ४०पैकी १४ नावांवर काट मारली आहे, त्यातली काही माझ्या तरुणपणापलीकडे काहीच नव्हती. भाचीने स्वतःहून अकरा घातली आहेत, पैकी तीन मी पाहिलेलेच नव्हते. गेल्या महिन्यात तिच्या ऑफिसातली एक मुलगी आली होती, तिलाही जुन्याची ओळख नाही. मी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' सुचवला. भाची म्हणाली, "नको मावशी, तिला भांडणं आवडत नाहीत, ती खूप हसते." आणि तिने 'चलती का नाम गाड़ी' लावला.

येत्या शनिवारी 'कागज़ के फूल' पुन्हा. भाचीने दुपारी झोपून घ्यायचं कबूल केलंय.