चिनी लोकांना 'ॲक्च्युअली' शिकवताना: चिनी अर्थ द्यायचा का जागा दाखवायची?

चिनी मंडळींना ऑनलाइन इंग्लिश शिकवत असाल तर हा प्रश्न कधीतरी पडणारच, की 'ॲक्च्युअली' म्हणजे चिनीतलं 'छीशृ' असं सांगून मोकळं व्हायचं का वाक्यात तो कुठे बसतो त्यावरून शिकवायचं. मी दोन्ही करून बघितलंय. २०२१ नंतर परदेशात बसून तिकडच्या शाळकरी पोरांना शिकवणं बंद झालं, त्यामुळे माझ्याकडे सगळे नोकरीवालेच, हे आधीच सांगतो.

छीशृवाला रस्ता सोपा आहे, नाही कशाला म्हणू. आपल्या 'खरंतर'चाच भाऊ तो, पाच मिनिटांत डोक्यात बसतो. गाओकाओसारख्या (चीनमधली कॉलेज प्रवेशाची) परीक्षेत उतारा वाचून अर्थ लावायचा असेल तर पुरतही असावा.

गोची होते बोलताना-लिहिताना. छीशृ लावून ते बऱ्याचदा वाक्य मऊ करतात, जरा संकोचत मनातलं सांगतात, आणि तीच सवय इंग्लिशमध्ये येते. माझ्या एका विद्यार्थिनीने ब्रिटिश साहेबाला मेल टाकला, 'ॲक्च्युअली, आय ॲग्री विथ यू', आणि साहेबाने विचारलं, मग आधी पटत नव्हतं का? तिला कळेना काय चुकलं आणि मला बोलता येईना, कारण शब्द मीच दिलेला. शिवाय 'डिड ही ॲक्च्युअली कम?' मध्ये छीशृ चालतच नाही, तिथे 'चनद' म्हणजे 'खरंच' लागतं, आश्चर्य दाखवायचं तर कधी 'चिंगरान'. हे दोन्ही नंतर शिकवले तरी तोंडात आधी छीशृच येतो, तो काही निघत नाही बाबा.

जागेवरून शिकवायला माझे दोन-तीन तास जातात. सुरुवातीला आला तर समोरच्याचं काहीतरी दुरुस्त करतोय असं वाटू शकतं, क्रियापदाआधी आला तर बहुतेकदा 'प्रत्यक्षात, खरंच', आणि 'आय लाइक इट, ॲक्च्युअली' म्हणजे तुला वाटलं नसेल पण आवडलं मला. हे शेवटचं त्यांना जड जातं, चिनीत असे शब्द सहसा क्रियापदाच्या आधीच येतात ना. आपल्याला सोपं, 'आवडलं मला, खरंतर'.

मी हल्ली छीशृ सांगतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या तासाला. तुमचे परीक्षावाले असतील तर उलटं केलंत तरी चालेल बहुतेक. फक्त स्वतःच्या तोंडाकडे लक्ष ठेवा, मी एकदा माझ्याच तासाचं रेकॉर्डिंग ऐकलं तर पहिल्या दहा मिनिटांत अकरा 'ॲक्च्युअली' निघाले, सगळे वाक्याच्या सुरुवातीला.