डेमो अस्सल, डब्यात नकली : हेडफोनचे 6,750 रुपये

6,750 रुपये गेले. 6,400 हेडफोनचे आणि 350 त्याच्याबरोबर गळ्यात मारलेल्या पाऊचचे. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण चाळीत ज्याला कळतं तो पहिला प्रश्न तोच विचारतो आणि मग ‘एवढे मोजलेस कशाला’ म्हणून माझीच शाळा घेतो. फसवणारा राहिला बाजूला.

मी बँजो पथकात, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत वाजवणाऱ्या पथकात, ऑक्टापॅड वाजवतो, काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड. परळला एक खोली. आई साडेनऊला आडवी होते, बहिणीचं बारावीचं वर्ष आहे आणि गणपती आगमनाचा सीझन तोंडावर आलेला. हात बसवायचा तर रात्रीच, आणि तोही हेडफोन लावूनच. ब्लूटूथ बाद, कारण पॅडवर काठी आधी पडते आणि आवाज मागाहून येतो, ठेका धरताच येत नाही. ओपन-बॅकही बाद, त्याच्या वाट्यांना मागून जाळी असते, खोलीतल्या सगळ्यांना तालीम फुकट. आणि कृपा करून ‘नॉइज कॅन्सलेशनवाले घे’ हा सल्ला कुणी देऊ नका. त्याने बाहेरचा गोंगाट तुमच्या कानाला कमी लागतो, तुमचा आवाज बाहेर जायचा थांबत नाही. म्हणजे राहिले वायरवाले, कान पूर्ण झाकणारे क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद वाट्यांचे, ज्यात किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि ढोलकीची धूम छातीत बसेल पण शेजारच्या कॉटवर ऐकू जाणार नाही.

मी आंधळेपणाने गेलो नव्हतो, हे लिहून ठेवतो. ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम50एक्स घ्यायचे हे ठरलेलं होतं. 45 मिमी ड्रायव्हर (वाटीतला स्पीकर), 38 ओहम, म्हणजे विजेला अडथळा कमी, मोबाइलवरही नीट वाजतात आणि ऑक्टापॅडवरही. ऑनलाइन त्यांचा भाव माझ्या ऐपतीबाहेर होता. लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका गल्लीतल्या दुकानात 6,400 सांगितले. ‘इम्पोर्टचा माल, थेट येतो, ड्युटी नाही.’ ही टेप तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे, मीही ऐकली होती. म्हणून तर म्हटलं, आधी ऐकवा.

ऐकवलं! तिथेच तर मेख आहे. माझ्या मोबाइलवर, माझ्याच पथकाचं रेकॉर्डिंग लावून मी पंधरा मिनिटं ऐकलं. खालचा बेस घट्ट, किक वेगळी, ढोलकी वेगळी. मग काउंटरवरच्या पोराच्या डोक्याला लावून आवाज वाढवला आणि हातभर लांब उभा राहिलो. बारीक कुजबुज सोडली तर काही नाही. ऑक्टापॅडला लागणारा मोठा जॅक दाखव म्हटलं तर त्याने अ‍ॅडॅप्टर आटे फिरवून बसवून दाखवला. तो सेट शंभर टक्के अस्सल होता, आजही सांगतो. ज्याला वाटतं मी स्वस्ताला भुललो, त्याने सांगावं, याच्यापुढे माणसाने दुकानात आणखी काय तपासायचं?

पोरगा मराठी. ‘दादा, आपल्या माणसाला फसवून जाणार कुठे?’ म्हणाला. डेमोचा सेट काउंटरखाली गेला, ‘हा डिस्प्लेचा, तुम्हाला सीलबंद देतो’, आणि कुठल्याशा गोडाऊनमधून प्लास्टिक गुंडाळलेला डबा आला. उघडून दाखव म्हटलं तर शेठ मधे पडला, ‘सील खुला तो वापस नहीं होगा.’ पक्कं बिल हवं तर 18 टक्के वर, म्हणजे 1,152 रुपये. ते काय झाडाला लागतात? मी कच्च्या चिठ्ठीवर हो म्हटलं. बाजारात निम्मी माणसं तशीच घेतात. (नोंदणी असलेल्या दुकानदाराने 200 रुपयांवरच्या मालाला बिल द्यायचंच असतं, हे मला नंतर कळलं. बिल मागणं हा आपला हट्ट नसतो.)

आता तो क्षण. रात्री पाठ टेकली की अजून डोळ्यांपुढे येतो. क्यूआर स्कॅन केला आणि पडद्यावर दुकानाचं नाव आलंच नाही. भलत्याच बाईचं नाव. दुकानाच्या बोर्डाशी, शेठच्या आडनावाशी, कशाशीही संबंध नसलेलं. अंगठा पिनवर होता, तो थांबलासुद्धा. मी विचारलं, ‘हे कुणाचं खातं?’ शेठने मान वर न करता सांगितलं, ‘दुकानचं लिमिट संपलं, घरचं आहे, टाका.’ मागे दोन गिऱ्हाइकं उभी, एक जण ‘चलो भाई’ करतोय, सव्वाआठ वाजलेले. मी पिन टाकला. यूपीआय पैसे जायच्या आधी घेणाऱ्याचं बँकेतलं नाव दाखवतं ते याचसाठी. चोराने नव्हे, मोबाइलने मला सांगितलं होतं. पण तुम्हीच सांगा, मुंबईत चहाच्या टपरीवर, भाजीवाल्याकडे, कुणाच्या क्यूआरवर कुणाचं नाव असतं? बायकोचं, मेव्हण्याचं, गावच्या काकाचं. सवयच लागली आहे आपल्याला. त्या सवयीवरच ही माणसं जगतात.

दुकानाच्या नावावर पैसे जात नसतील तर परत फिरा. गाडी चुकू दे.

घरी डबा फोडला. खऱ्या सेटबरोबर तीन वायर येतात, एक गुंडाळीची आणि दोन सरळ, त्यातली एक छोटी. माझ्यात दोन. खरी वायर डाव्या वाटीत घालून फिरवली की अडकते, माझी शिंक आली तरी निघते. अ‍ॅडॅप्टरला आटेच नाहीत, नुसता ढकलायचा. खालच्या वाण्याच्या काट्यावर ठेवले, वायर काढून 285 ग्रॅम भरायला हवे होते, 231 भरले. पथकातल्या एकाने मल्टिमीटर लावला. 38 ओहमच्या आसपास आकडा यायचा, आला 24. आणि आवाज? बेस होता, नाही असं नाही. पण सगळा फुगीर, किक आणि ढोलकी एकमेकांच्या अंगावर पडलेली, पत्र्याच्या पिंपात बसून वाजवल्यासारखं. गळती एवढी की आई पांघरुणातून म्हणाली, ‘अरे बंद कर ते, नाहीतर गॅलरीत जा.’ कानाच्या गाद्या पातळ आणि कडक असल्या की कानाभोवती फट राहते, त्या फटीतून बेसही जातो आणि आवाजही बाहेर पडतो. एकाच फटीचे दोन तोटे.

दुसऱ्या दिवशी फोन केला तर शेठ म्हणतो कसा, ‘नया है, पचास घंटा बजाओ, बेस खुलेगा.’ ऐकून ठेवा हे. तास मोजण्यात आठवडा जातो आणि तोवर माल बदलून मागायची वेळ निघून जाते. दुकानात गेलो तेव्हा दुसरं काढलं : ‘तुम्ही चष्मा लावता, त्याने बेस कमी लागतो.’ चष्म्याच्या काडीने गादी उचलली जाते आणि बेस उतरतो, हे खरं आहे. पण डेमो ऐकला तेव्हा काय मी चष्मा वाण्याकडे गहाण ठेवला होता? तिसऱ्या खेपेला शेठने सरळ तोंड फिरवलं, ‘हा माल आमचा नाही, बिल दाखवा.’ आणि तो मराठी पोरगा ओळखच देईना.

मग पोलीस ठाणं. नाव लिहीत नाही. हवालदारांनी विचारलं, बिल आहे? म्हटलं, कच्चं आहे. ‘मग तक्रार पण कच्चीच घेऊ का?’ आणि शेजारचा हसला. 6,750 हे हसण्यावारी नेण्याचे पैसे असतील त्यांचे, माझी दोन सुपाऱ्यांची, म्हणजे वाजवायच्या दोन कामांची, कमाई आहे. पुढे ऐका. यूपीआयने दिले ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः दुकानात उभं राहून दिलेत, कुणी लिंक पाठवली नाही, ओटीपी घेतला नाही, हे ऑनलाइन नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत, तर या वेळी नवे साहेब. ते म्हणाले, नकली ब्रँड म्हणजे ट्रेडमार्कचा विषय, कंपनीने तक्रार करावी. अहो, ट्रेडमार्क कायद्यात झडती-जप्तीला उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी आणि रजिस्ट्रारचं मत लागतं, ते मीही वाचलं. मी कुठे धाड टाका म्हणतोय? एक माल दाखवून दुसरा दिला आणि पैसे काढून घेतले, ही फसवणूक झाली की नाही? पूर्वीचं 420, आता भारतीय न्याय संहितेचं 318, पोटकलम 4. एवढं बोललो तर ‘वकील आहात का?’ नाही हो, ऑक्टापॅड वाजवतो. ‘मग सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा.’ अर्ज घेतला तो शेवटी नुसता शिक्का मारून, त्यावर नंबर नाही. नंबर मागितला तर साहेब राउंडला गेलेत. साहेब कायम राउंडलाच असतात. एवढ्या राउंडात ती गल्ली कशी लागत नाही, देव जाणे.

बँकेचं तर बोलूच नका. ‘सर, पिन आपणच टाकला आहे, व्यवहार अधिकृत आहे.’ ज्या बाईच्या खात्यात पैसे गेले तिचा पत्ता सांगता येत नाही, ती गोपनीय माहिती. तिची गोपनीयता जपायची, माझे पैसे नाही. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यांना दुकानाचा जीएसटी नंबर हवा. तो पक्क्या बिलावर असतो. तक्रार ‘पूर्ण माहितीअभावी बंद’ असा मेसेज आला आणि खाली सेवेला किती तारे द्याल म्हणून विचारलं.

तेव्हा बिलाच्या 18 टक्क्यांकडे कर म्हणून बघू नका. त्या कागदाशिवाय तुम्ही त्या दुकानात गेलाच नव्हता, असं सगळे मिळून ठरवतात. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला लागतो, परदेशी मालालाही. माझ्या डब्यावर नुसता एमआरपीचा स्टिकर होता. आणि डेमो ऐकलात तर तोच सेट मागा, डिस्प्लेचा असला तरी. देत नाहीत म्हणजे समजा.

पैसे कमी असतील तर त्याच कंपनीचे एम20एक्स बघा, वायर वाटीतून निघत नाही, पण माल खरा मिळेल. एम40एक्स या दोन्हींच्या मधले. बेसपेक्षा गळती रोखणं महत्त्वाचं असेल तर सेनहायझरचे एचडी 280 प्रो, बाहेरचा आवाज 32 डेसिबलपर्यंत अडवतात असं कंपनी सांगते, डोक्याला मात्र करकचून बसतात आणि धूम तेवढी मिळत नाही. 250 ओहमचं काही कुणी स्वस्तात देत असेल तर मोबाइलवर आवाज बारीकच येणार. मित्राचे उसने एम40एक्स आणलेत तूर्तास, सीझन त्याच्यावर काढतोय.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार केला आहे. 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत करावा लागतो. कच्ची चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि काट्यावरचा फोटो जोडला आहे. त्या गल्लीत कुणी पैसे दिले असतील आणि नोंदीत दुकानाऐवजी बाईचं नाव दिसत असेल, तर नोंद पुसू नका आणि मला कळवा. एकाच दुकानाने फसवलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. आमच्या पथकातलाच आणखी एक निघाला आहे. त्याचे 5,900 गेले, घरी सांगितलं नव्हतं.