चाळीस मीटर बँडची आखूड अँटेना: कॉइल खाली, मध्ये, की वर टोपी?

यावल-रावेरकडे मळ्यात राहत असाल तर हौशी रेडिओच्या चाळीस मीटर बँडसाठी वीस मीटर लांबीची साधी डायपोल (मधोमध जोडणी असलेली सरळ तार) ताणा आणि कॉइलच्या फंदात पडू नका. तिच्यापुढे कुठलीही आखूड अँटेना टिकत नाही. पुढचं सगळं जळगाव-भुसावळच्या सोसायटीत गच्चीचा एक कोपरा मिळालेल्यांसाठी आहे.

७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण साडेदहा मीटर भरते आणि आपण उभा करतो अडीच मीटरचा दांडा, म्हणजे पाव तरंगाचे ९० अंश धरले तर जेमतेम २१ अंश. उरलेले ६९ अंश कॉइल भरून काढते, करंट तिच्यात तेवढा मागे पडतो, असं हॅम (हौशी रेडिओवाली) मंडळी सर्रास सांगतात. तसं होत नाही. आखूड दांडा कपॅसिटरसारखा वागतो आणि कॉइल त्याचा रिअ‍ॅक्टन्स (उलटसुलट करंटला होणारा, पॉवर न खाणारा अडथळा) रद्द करते. आटोपशीर कॉइलमध्ये खालून जेवढा करंट शिरतो, जवळपास तेवढाच वरून निघतो, फेजही (लहरीचं पुढेमागे असणं) जवळपास तोच. बदलतं ते व्होल्टेज. कॉइल लांबुळकी आणि बारीक असेल तर वेढ्यांमधून जमिनीकडे कपॅसिटन्सच्या वाटेने थोडा करंट निसटतो, म्हणून वरच्या टोकाला तो कमी भरतो. फेराइट रिंगवर थोडे वेढे घ्या, डायोड आणि मीटर जोडा, रिंग कॉइलच्या खाली आणि मग वर धरून पाहा. फरक काट्यावर दिसतो. फेज मोजून मात्र या दोन स्पष्टीकरणांतलं खरं कोणतं ते ठरवता येत नाही, कारण पूर्ण पाव तरंगाच्या दांड्यावरही करंटचा फेज बुडापासून शेंड्यापर्यंत जवळपास सारखाच असतो.

म्हणून बघायचं ते एवढंच, की करंट दांड्यावर किती उंचीपर्यंत टिकतो.

कॉइल बुडाशी ठेवली तर तो बुडापासूनच उतरत शेंड्याला शून्य होतो. रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी बनून बाहेर पडणाऱ्या पॉवरचा हिशेबी रोध) येतो १.४ ओहम. लागणारी कॉइल सुमारे २३ मायक्रोहेन्रीची. तिचा क्यू (रिअ‍ॅक्टन्स तिच्या रोधाच्या किती पट ते) २०० धरला तरी ती एकटी ५ ओहम खाते. बांधायला सोपी, हाताशी राहते, ट्यून करायला बरी. बाकी फायदा नाही.

मध्ये ठेवली की खालच्या अर्ध्या दांड्यात करंट भरलेला राहतो आणि रेडिएशन रेझिस्टन्स ३ ओहमपर्यंत जातो. पण इंडक्टन्स साधारण दुप्पट लागतो, तोटाही त्याच पटीत. जमिनीतल्या तोट्याचे १० ओहम धरून हिशेब केला तर बुडाशी आठ-नऊ टक्के पॉवर बाहेर पडते, मध्ये तेरा टक्के. गाडीवर मी हीच लावेन.

गच्चीवर मात्र माझं मत टोपीला, म्हणजे शेंड्यावरच्या आडव्या तारांना. शेंड्यावर मीटरभर लांबीच्या चार-सहा आडव्या तारा बसवल्या की करंट वरपर्यंत बराच टिकतो आणि बुडाशी लागणारी कॉइल जवळपास निम्मी होते. करंट शेंड्यापर्यंत अगदी एकसारखा राहिला तर रेडिएशन रेझिस्टन्स साडेपाच ओहम होतो. एवढ्या टोपीने तो सगळा मिळत नाही, पण चांगला वाटा मिळतो. चैत्र-वैशाखातल्या वावटळीसाठी नायलॉन दोरीचे तीन ताण हवेतच.

एस.डब्ल्यू.आर. (केबल आणि अँटेनाचा मेळ सांगणारा आकडा) छान आला म्हणून निश्चिंत होऊ नका. अँटेना जमिनीवर उभी असेल आणि मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडल्या, की जमिनीचा तोटा वाढतो. तो ३५ ओहम झाला तर बुडाशी कॉइल असलेली अँटेना मीटरवर ४१ ओहम, म्हणजे केबलच्या ५० ओहमजवळ, झकास दिसते. पॉवर मात्र मातीत जिरते. रेडिअल तारा (बुडापासून जमिनीवर चहूकडे पसरलेल्या) वाढवल्यावर एस.डब्ल्यू.आर. बिघडला तर घाबरू नका, अँटेना सुधारतेय.

कॉइलसाठी पंपाच्या मोटारी भरणाऱ्याकडून २ मिलिमीटरची एनॅमल तार घ्या, पांढऱ्या पीव्हीसी पाइपावर वेढ्यांत तारेच्या जाडीएवढी फट ठेवून गुंडाळा. कॉइलची लांबी आणि व्यास फार वेगळे नकोत. बुडाशी लावलेल्या कॉइलवर १०० वॅटला अडीच हजार व्होल्टच्या आसपास येतात, तेव्हा ती पोरांच्या हाताला लागणार नाही एवढी उंच किंवा जाळीआड ठेवा.