80 ला लॉक: दोन टनी पिकअपमधला गव्हर्नर वापरायला कसा आहे?

पिवळ्या पाटीची नवी पिकअप शोरूममधून निघते तीच ताशी 80 किलोमीटरला लॉक होऊन, त्यावर ती पळतच नाही. चालक या लॉकला गव्हर्नर म्हणतात, आरटीओच्या कागदावर तो 'वेगनियंत्रक' असतो. 1 ऑक्टोबर 2015 पासून बनलेल्या बहुतेक व्यावसायिक गाड्यांना केंद्रीय मोटार वाहन नियम 118 प्रमाणे तो सक्तीचा आहे. टँकर, डंपर आणि स्कूलबसला तर 60 चाच. पांढऱ्या पाटीच्या व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या खासगी पिकअपला असलं काही नसतं, म्हणून त्या सुसाट जातात आणि शेजारची बोलेरो मॅक्स एचडी किंवा योद्धा 2.0 तिथल्या तिथे गुरगुरत राहते. गाडीचे रिव्ह्यू भरपूर आहेत, गव्हर्नरचा कुणी करत नाही. म्हणून हा फक्त त्याचाच.

त्याचे प्रकार दोन. पहिला कंपनीतून येणारा, इंजिनच्या ईसीयूमधलाच (ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक). गिअरबॉक्सवरच्या किंवा चाकावरच्या सेन्सरकडून ईसीयूला वेग कळतो आणि 80 जवळ आलं की ते डिझेलची मात्रा कमी करतं. दुसरा बाहेरून बसवलेला डबा, जुन्या गाड्यांना पासिंगसाठी लावलेला. या दोघांत इतका फरक आहे की एकाच नावाखाली विकायलाच नकोत.

आधी कंपनीचा. सपाट रस्त्यावर, पाचव्या गिअरमध्ये, 77-78 च्या पुढे ॲक्सिलरेटरचं पेडल मेल्यासारखं होतं. झटका नाही, इंजिन अडखळत नाही. पेडल तळाला टेकवलं तरी गाडी शांतपणे एका वेगावर बसते. काट्यावर मात्र त्या वेळी 83-84 दिसू शकतं. त्यात बिघाड काही नाही: स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नसतं, थोडं जास्त दाखवलेलं चालतं. खरा वेग बघायचा असेल तर शेजारी बसलेल्याने मोबाइलवर जीपीएसचं ॲप लावावं, सरळ सपाट पट्ट्यावर अर्धा मिनिट आकडा बघावा. 79 ते 81 आला तर सगळं ठीक.

तो 76 किंवा 85 आला तर आधी टायर बघा. सेन्सर गिअरबॉक्सवर असो की चाकावर, तो फेरे मोजतो, अंतर नव्हे. 215/75 आर 15 टायरचा व्यास सुमारे 703 मिलीमीटर भरतो. नक्षी आठ मिलीमीटर झिजली की व्यास 16 ने कमी होतो, म्हणजे सव्वादोन टक्के, आणि गाडी 78 वरच थांबते. उलट, जास्त लोड ओढायचा म्हणून त्याच गाडीला 7.00 आर 15 चढवले तर व्यास साधारण 750 होतो. ईसीयूच्या हिशोबाने 80 असताना गाडी रस्त्यावर 85 ने पळते आणि चलन आलं की मालक गव्हर्नरला शिव्या घालतो.

मुख्य तक्रार ओव्हरटेकची, आणि ती खरी आहे. हिशोब असा. पुढे 16 मीटरचा ट्रेलर, आपली गाडी साडेपाच मीटर, निघताना 30 मीटर अंतर आणि पुढे जाऊन आत येताना 30. म्हणजे ट्रेलरपेक्षा साडेएक्याऐंशी मीटर जास्त कापायचे. ट्रेलर 72 ने चालला असेल तर फरक ताशी आठ किलोमीटरचा: 37 सेकंद आणि आठशे मीटर रस्ता. तो 76 ने असेल तर 73 सेकंद आणि सरळ 1.6 किलोमीटर. आणि तोही 80 ला लॉक असलेला, पण टायर झिजल्यामुळे 78 वर बसलेला असेल, तर अडीच मिनिटं आणि सव्वातीन किलोमीटर. एवढा वेळ दोन गाड्या शेजारी शेजारी, मागे वीस मोटारी डिपर मारत. समृद्धीवर किंवा पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर दिसणारी ही जोडगोळी माजाने होत नाही, लेन सोडण्याआधी हिशोब न केल्याने होते.

गव्हर्नर नसलेल्या गाडीत अशा वेळी चालक दहा सेकंद पेडल दाबून 95 वर नेतो आणि सुटतो. इथे ते दार बंद आहे. म्हणून नियम एकच ठेवा: पुढची गाडी जीपीएसच्या 70 च्या वर असेल तर मागेच राहा. नागपूर ते इगतपुरी अख्खा रस्ता 76 ऐवजी 80 ने कापला तरी वाचणार पंचवीसेक मिनिटं, आणि तीही एका नाक्यावरच्या चहाच्या टपरीत जातात.

दुपदरी राज्य मार्गावर तर गणितच वेगळं. तिथे मालवाहू गाडीला कायद्यानेच 60 ची कमाल मर्यादा आहे, गव्हर्नर मात्र 80 पर्यंत जाऊ देतो. समोरून 80 ने येणारी मोटार धरली, तर 60 ने चाललेल्या ट्रेलरला 80 ने ओलांडायलाही साडेसहाशे मीटर मोकळा रस्ता हवा. तेवढा तो सरळ कुठे दिसतो?

आता मोटारवाल्यांबद्दल, कारण निम्मा मनस्ताप त्यांचा आहे. सगळ्यात वाईट तो, जो मधल्या लेनमध्ये 74 ने फोनवर बोलत चालतो आणि आपण शेजारी आलो की त्याला जाग येऊन 82 करतो. पिकअप आता उजव्या लेनमध्ये अडकली: पुढे जाता येत नाही, मागून एसयूव्ही दिवे फेकते आहे. इथे हट्ट करू नये. पेडल सोडा, दहा सेकंदांत तो पुढे निघून जातो, मग इंडिकेटर देऊन परत या. दुसरा प्रकार म्हणजे आपण पुढच्या ट्रेलरमागे सोडलेल्या जागेत घुसून ब्रेक दाबणारा. भरलेली गाडी 80 वरून 65 वर आली की सपाटीलाही पुन्हा वेग धरायला तीन-चारशे मीटर जातात, चढ असेल तर दुप्पट.

आणि इथेच गाडी घेतानाचा मुद्दा येतो. बोलेरो मॅक्स एचडी 2.0 ला 2523 सीसीचं 80 हॉर्सपॉवर आणि 220 न्यूटन-मीटरचं इंजिन, योद्धा 2.0 ला 2.2 लिटरचं 100 हॉर्सपॉवर आणि 250 न्यूटन-मीटरचं. दोन्ही दोन टनी, दोन्ही 80 ला लॉक. वरचे वीस हॉर्सपॉवर कमाल वेगासाठी नाहीतच. ते कसाऱ्याच्या चढाला आणि कुणीतरी कट मारल्यावर पुन्हा 80 गाठायला कामाला येतात. माल रोज घाट चढणार असेल तर त्यांचे पैसे मोजा. सपाटीवरच फिरायचं असेल तर मोजू नका.

गव्हर्नर काय करत नाही, हे कुठल्याच शोरूममध्ये सांगत नाहीत. तो फक्त डिझेल तोडतो, ब्रेक लावत नाही. उतारावर गाडी वजनाने 80 च्या पुढे जाते आणि गव्हर्नर बघत बसतो. बोरघाट असो, खंबाटकी असो की कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तो लांबलचक उतार, गव्हर्नर आहे म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून आहेत. कॉमन रेल, म्हणजे ईसीयूवर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनमध्ये, गिअरमध्ये राहून पेडल सोडलं की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, डिझेल शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रलने वाचत काही नाही, इंजिनचा ब्रेक तेवढा जातो आणि ब्रेकचे लायनर तापून ब्रेकचं पेडल मऊ पडतं. चढाला जो गिअर लागला असता तोच उतरताना ठेवा.

बाहेरून लावलेल्या डब्याला मात्र हातचं राखूनही चांगलं म्हणता येत नाही. तार-पेडलच्या जुन्या गाड्यांत तो डिझेलच्या लाइनमध्ये व्हॉल्व्ह बसवून पुरवठा आवळतो. मग 80 ला गाडी हिसके देते, आणि जोड सैल असेल तर लाइनमध्ये हवा धरून सकाळी स्टार्टच होत नाही. इलेक्ट्रॉनिक पेडलच्या गाड्यांत डबा पेडल आणि ईसीयूच्या मध्ये बसतो. पेडलमधून दोन वेगवेगळे व्होल्टेज जातात, एक दुसऱ्याच्या साधारण दुप्पट. ईसीयू दोन्ही ताडून बघतं. डब्याने एक बदलला आणि दुसरा प्रमाणात बदलला नाही, की पी 2138 हा बिघाडाचा कोड, चेक इंजिनचा दिवा आणि गाडी सरपटायला लागते. पावसाळ्यात हे हटकून होतं, कारण तारा सोल्डर न करता पिळून टेप मारलेल्या असतात आणि डबा चाकाच्या कमानीजवळ लटकवलेला असतो.

शोधायची पद्धत सोपी आहे. डबा मूळ कप्लरने जोडला असेल, तर सील तोडण्याचा अधिकार असलेल्या फिटरकडून तो काढून पेडल थेट ईसीयूला जोडून बघायचं. दिवा परत आला नाही तर दोष डब्याचा, आला तर पेडलच्या सेन्सरचा किंवा वायरिंगचा. डबा केबिनमध्ये डॅशबोर्डखाली, कोरड्या जागी, बॉडीला स्वतंत्र अर्थिंग देऊनच बसवून घ्या. त्यावरचा क्रमांक सर्टिफिकेटशी तिथेच ताडून बघा. पासिंगच्या दिवशी एक आकडा चुकला तरी फेरी वाया.

जुगाडांचा बाजारही जोरात आहे. वेगाच्या सेन्सरची तार तोडली की स्पीडोमीटर मरतो, किलोमीटर मोजणं थांबतं, पी 0500 कोड येतो आणि काही गाड्यांत ईसीयू ताकदच कमी करतं. रिमॅपिंग केलं, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून घेतलं, तर वॉरंटी जाते, आणि पुढच्या सर्व्हिसला सॉफ्टवेअर अपडेट झालं की दिलेले पैसे पुसले जातात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 182 अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड होऊ शकतो. मालवाहू गाडीला एक्स्प्रेस वेवरही 80 च्या वर परवानगी नाही, मग लॉक काढून मिळवायचं काय? कॅमेऱ्याचं चलन.

पाचपैकी गुण द्यायचे तर कंपनीच्या गव्हर्नरला चार. एक कापला तो क्रूझ कंट्रोल नसलेल्या गाड्यांसाठी: तासन्‌तास पेडल तळाला दाबून ठेवायची सवय लागते आणि डिझेल विनाकारण जातं. पेडल हळूहळू वर घेत वेग जिथे पडायला लागतो तिथे, 76-77 ला, पाय धरून ठेवला की इंजिनही मोकळं वाटतं. बाहेरच्या डब्याला दोन, तेही फक्त पासिंग होतं म्हणून.

डिलिव्हरी घेताना मागच्या फळक्यावरचं 80 चं स्टिकर ताडपत्रीच्या दोरीखाली जाणार नाही अशा जागी लावून घ्या आणि चिखल आला की पुसा. डिपर मारणाऱ्याला आपल्याबद्दल कळणारी तेवढी एकच गोष्ट असते.