शेवटचे दोन महिने कुठे काढायचे: आपल्या घरी, आईकडे, की आईलाच बोलवायचं?

लग्नाला जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालंय, बाळ यायचंय, आणि सातवा महिना संपत आला की घरात एक विषय निघतोच. दिवस भरेपर्यंत आणि पुढे बाळंतपणात ती आईकडे राहणार, दोघं आपल्याच घरी थांबणार, की कुणाच्या तरी आईला इकडे बोलवून घेणार? प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. तिच्या आईला लेक डोळ्यांसमोर हवी असते. त्याला बाळ जन्मताना तिथे हजर राहायचं असतं. आणि तिला विचारलंच कुणी, तर आधी एक सलग झोप हवी असते.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे ते कळेल. बहुतेक जण हा निर्णय पोटाकडे बघून घेतात. तिला उठता-बसता त्रास होतोय, जिने चढवत नाहीत, मग जिथे आराम मिळेल तिथे जाऊ दे. मला वाटतं, तो बाळ झाल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांकडे बघून घ्यावा. नवव्या महिन्यातल्या अडचणी जादा उशा, उंच खुर्ची आणि हलकी कामं यांवर बऱ्यापैकी निभावतात. चार दिवसांचं बाळ मात्र माणसांवरच निभावतं.

दोघांचं घर

इथली सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे तिच्या तपासण्यांची फाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदरपणात किमान आठ तपासण्या सुचवल्या: पहिली १२ आठवड्यांच्या आत, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० व्या आठवड्याला. यातल्या पाच ३० व्या आठवड्यापासून पुढच्या आहेत. म्हणजे डॉक्टरांकडे जाणं जेव्हा वाढतं, नेमकं तेव्हाच आपण डॉक्टर बदलायचं ठरवत असतो. रक्तदाबाचंच बघा. २० आठवड्यांनंतर तो वाढू लागला तर लक्ष ठेवावं लागतं, पण आजचा आकडा जास्त आहे की नाही हे तिचा आधीचा आकडा माहीत असणाऱ्याला चटकन कळतं. नव्या डॉक्टरांना तो कागदावरच वाचावा लागतो, आणि तो कागद कधी कधी जुन्या घराच्या कपाटात राहिलेला असतो.

दुसरी बाजू त्याची. बाळ सांभाळायला बाप शिकतो ते बाळ हातात घेऊनच. २०११ साली फिलिपीन्समधल्या सिबू इथल्या ६२४ पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातले जे बाप झाले त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं प्रमाण बरंच उतरलं होतं, आणि जे रोज तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ मुलांचं करत होते त्यांच्यात ते आणखी कमी होतं. नुसतं नातं लागल्याने जे होतं, त्याच्या पुढचं काहीतरी हाताने करण्यातून होतं, असं मला त्यावरून वाटतं. रोज व्हिडिओ कॉलवर बाळ बघणाऱ्याला ते कुठून मिळणार?

नव्या जोडप्याचं आणखी एक असतं. दोघांची घडी नुकती बसू लागलेली असते. सकाळी आधी कोण उठतं, कोण चिडलं की गप्प बसतं, कुणाला पसारा चालतो. पहिल्या तिमाहीत मळमळीने ती आडवी असताना त्याने स्वयंपाकघर हातात घेतलेलं असतं, आणि बऱ्याच घरांत ते काम पुन्हा तिच्याकडे गेलेलं नसतं. ही घडी मोडून ती दोन-अडीच महिने दुसरीकडे गेली, तर परत आल्यावर बाळासकट सगळं नव्याने बसवावं लागतं.

उणी बाजू उघड आहे: दिवसा ती एकटी. यात एक भीती जरा जास्तच घेतली जाते. कळा सुरू झाल्या आणि तो कामावर असला तर? पहिल्या खेपेला कळा सहसा हळूहळू वाढतात. गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यावर जोराच्या कळांचा टप्पा सुरू होतो, आणि पहिलटकरणीला त्यालाही १२ तासांपर्यंत लागू शकतात. अपवाद असतात, पण सहसा तासा-दोन तासांच्या अंतरावरून पोचता येतं. रक्तस्राव, पाणी जाणं, डोळ्यांसमोर अंधारीसकट जोराची डोकेदुखी, बाळाची हालचाल मंदावणं या गोष्टी मात्र त्याची वाट बघत नाहीत. म्हणून आपल्याच घरी राहायचं असेल तर दवाखान्यात नेणारं दुसरं माणूस आधी ठरलेलं हवं, आणि घराची एक किल्ली त्याच्याकडे हवी. असं माणूस नसेल, तर हा पर्याय इथेच खोडून टाका.

आईकडे

चालू स्वयंपाकघर, ओळखीचा पलंग, आणि बाळ रडलं की न घाबरणारं एक माणूस. हे मी कमी लेखत नाही. पहिल्या बाळंतपणात धीर देणारं कुणी असणं हे औषधाइतकंच कामाचं असतं.

पण याची किंमत दोन ठिकाणी द्यावी लागते. पहिली तारखेची. डॉक्टर देतात ती तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे मोजून काढलेली असते, आणि त्याच दिवशी जन्मणारी बाळं साधारण वीसात एखादंच. ३७ ते ४२ आठवड्यांत ते केव्हाही येऊ शकतं. आईचं गाव रात्रभराच्या प्रवासावर असेल तर त्याने रजा कधीची टाकायची? आधी जाऊन बसला तर बाळ येण्याआधीच रजा संपते. फोन आल्यावर निघाला तर तो पोचेपर्यंत बाळ आलेलं असतं. प्रसूतीच्या वेळी बाईला हवं ते माणूस सोबत असावं अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करते. तिला आईच हवी असेल तर प्रश्नच मिटला. तोच हवा असेल, तर अंतर हा या निर्णयातला मुख्य मुद्दा होतो.

दुसरी किंमत परतीची, आणि ती कुणी धरतच नाही. दीड-दोन महिन्यांनी ती बाळाला घेऊन घरी येते तेव्हा तिचा हात बसलेला असतो आणि त्याचा नसतो. मग तो दुपट्याच्या घड्या उलट्या घालतो, ती त्याच्या हातातून घेऊन नीट घालते, आणि असं दहा-बारा वेळा झालं की तो हात लावायचाच थांबतो. यातून पुढे वर्षभर भांडणं निघतात, आणि मूळ कशात आहे ते दोघांनाही आठवत नाही.

जायचंच असेल तर वेळेत जा. बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, एकच बाळ असेल तर ३६ आठवड्यांनंतर सहसा बसू देत नाहीत, आणि जुळी असतील तर ही मर्यादा साधारण ३२ वर येते. गाडीने जाताना पट्ट्याचा खालचा भाग पोटाखालून, मांड्यांवरून घ्यायचा आणि वरचा दोन स्तनांच्या मधून. चार तासांहून मोठा प्रवास असेल तर मध्ये उतरून चाला, कारण या दिवसांत पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. सगळे रिपोर्ट सोबत न्या. रक्तगटाचा तर नक्कीच. तिचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत तिला इंजेक्शन द्यावं लागतं, आणि नव्या दवाखान्याला हे आयत्या वेळी कळून उपयोग नाही.

पाचव्या रात्री तीन वाजता

तिन्ही पर्याय शेजारी ठेवून बघायचे तर मी ही वेळ निवडीन. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, रात्र धरून. तिचे टाके दुखतायत, दूध भरून आलंय, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तिला कारण नसताना रडू येतंय.

आपल्या घरी दोघंच असाल तर दोघंही जागे. तो ढेकर काढतो, लंगोट बदलतो, ती पुन्हा आडवी होते. सकाळी मात्र दोघंही निकामी, आणि स्वयंपाक कुणीच केलेला नाही.

आईकडे असाल तर आई उठते. लेक झोपते. तो शेकडो मैलांवर गाढ झोपेत, आणि ते तिला ठाऊक असतं. सुरुवातीला त्याचं काही वाटत नाही, आठवडाभराने वाटू लागतं.

आई इकडे असेल तर रात्री दोघं आणि सकाळी आई. पहाटे सहाला बाळ तिच्याकडे देऊन दोघं नऊपर्यंत झोपतात. कागदावर तरी हे सगळ्यात चांगलं दिसतं, आणि नीट ठरवलं असेल तर प्रत्यक्षातही असतं.

त्या रडण्याबद्दल एक. बहुतेक बाळंतिणींना ते येतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यापुढे लांबलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, बाळ झोपलं तरी हिला झोप येईना, तर ते वेगळं आहे, त्याला उपचार असतात आणि डॉक्टरांना सांगायला हवं. अनुभवी आई अशा वेळी “सगळ्यांचं असंच होतं गं” म्हणून सोडून देण्याचा संभव असतो. नवऱ्याला ही आधी कशी होती ते रोजचं माहीत असतं, म्हणून तो जवळ असलेला बरा.

आईला बोलवताना

माझा कल इकडे आहे, पण काही अटींवर. कुणाची आई, हा वाद मानापानावर नेऊ नका. जिच्यासमोर तिला केस न विंचरता, बटणं उघडी टाकून बसता येतं, तिला बोलवा. ती सासू असली तरी हरकत नाही. घरात जावई आहे म्हणून आईलाच अवघडल्यासारखं होत असेल, तर तेही आधी बोलून घ्या.

कामाची वाटणी पहिल्याच दिवशी सांगा: घर आईकडे, बाळ आई-बापाकडे. उलट झालं की बाळ आजीच्या मांडीवर आणि बाप औषधाच्या दुकानात, हे ठरलेलं. सिझेरियन झालं असेल तर सुरुवातीचे काही आठवडे तिने बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं, तेव्हा बादल्या आणि बाजाराच्या पिशव्याही वाटणीत धरा.

आणि महिनाभर आधी बोलवू नका. वाट बघण्यातच आई दमते, घरात सूचना वाढतात, आणि खरी गरज लागते तेव्हा तिचे परतीचे दिवस जवळ आलेले असतात. ३८ व्या आठवड्याच्या सुमारास यावं. त्याची रजा आणि आईचा मुक्काम पहिले तीन-चार दिवस एकत्र, पुढे शक्य तितके एकामागून एक लावावेत. दोघंही एकाच आठवड्यात संपले की तिसऱ्या आठवड्यात ती अचानक एकटी पडते.

कधी सरळ आईकडे जावं? त्याला रात्रपाळ्या असतील किंवा कामासाठी सारखं बाहेर राहावं लागत असेल, जवळ चांगला दवाखाना नसेल, आई येऊ शकत नसेल, किंवा दोघांचंच सध्या पटत नसेल तर. शेवटचं कारण कुणी बोलून दाखवत नाही, पण ते असलं तर बाकी सगळ्यांपेक्षा त्याला वजन द्या.

बोलणी ३० व्या आठवड्यापर्यंत उरका. जायचं ठरलं तर ३४ च्या आत जाऊन नव्या डॉक्टरांकडे एक तपासणी करून घ्या, आणि बाळ झाल्यावर तिसऱ्या दिवसाची, दुसऱ्या आठवड्यातली आणि सहाव्या आठवड्यातली तपासणी कुठे होणार तेही लिहून ठेवा. ३४ उलटले तरी ठरत नसेल, तर जिथे फाइल आहे तिथेच थांबा आणि शेजारी किल्ली देऊन या.