ओल्या कुरणातली पक्षीगणना आणि स्पॉटिंग स्कोप: सात-आठ महिने वापरल्यावर

तळ्याकाठचं बुजत चाललेलं ओलं कुरण मोकळं करायचं काम सुरू आहे. पाणकणीस कापायचं, गुरं चरू द्यायची, पाणी पसरू द्यायचं. तिथले पाणपक्षी मोजायला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर बसवायची एका डोळ्याची दुर्बीण वापरतोय: २०-६० पटींची, ८० मिमी भिंगाची, तिरक्या आयपीसची (डोळा लावायचा भाग).

घेताना सगळ्यांचा डोळा त्या ६० वर असतो. माझा झूम मात्र बहुतेक वेळ २० ते ३० मध्येच. साधा हिशेब आहे: २० पटींना आयपीसमधून ४ मिमी रुंद प्रकाश येतो, ६० ला जेमतेम १.३. भल्या पहाटे हा फरक लगेच जाणवतो. ऊन चढलं की ओल्या जमिनीवरची हवा लहरायला लागते आणि झूम वाढवाल तितकी ती लहरच मोठी होते. तुतवार पक्षी आहे की ढेकूळ, तेही कळेना. म्हणून मोजणी सकाळी, ऊन पाठीशी घेऊन.

चित्र स्वच्छ असेल तेव्हा मात्र मजा येते. शेकाट्याच्या गुलाबी पायावरचा सांधा पाण्याच्या वर आहे की खाली, तेवढ्यावरून खोलीचा अंदाज बांधता येतो. पाण्यात रोवलेल्या मोजपट्टीशी तो बऱ्यापैकी जुळतो.

तिरक्या आयपीसमुळे मान अवघडत नाही, पण उडता थवा त्यात पकडणं कठीण. त्यासाठी गळ्यात साधी दुर्बीण हवीच. ट्रायपॉडचा एखादा पाय चिखलात हळूहळू रुततो, म्हणून तिन्ही पायांखाली फळीचे तुकडे ठेवतो.

खरी मर्यादा वेगळीच आहे. गवतात दबा धरून बसलेला पाणलावा कितीही भारी भिंगातून दिसत नाही. पाणकणीस कापल्यावर पुढच्याच मोजणीत राखी बगळे वाढलेले दिसले. आता ते खरंच वाढले, की आधी आडोशाला होते ते उघड्यावर आले? स्कोप याचं उत्तर देणार नाही. त्यामुळे पक्ष्यांच्या आकड्याशेजारी गवताची उंची, पाण्याची खोली आणि नजरेच्या टप्प्यात आलेलं क्षेत्र लिहितो. जागा तीच, वेळ तितकाच. शिवाय न कापलेला एक पट्टाही तसाच मोजतो. हे रकाने रिकामे असलेल्या 'पक्षी दुप्पट झाले' छाप अहवालांवर माझा तरी विश्वास नाही.

सोबत आलेलं कापडी कव्हर दवाने भिजतं आणि वाळता वाळत नाही. ते घरीच ठेवा. आणि घ्यायचाच असेल तर झूमपेक्षा ट्रायपॉडवर जास्त खर्च करा. वाऱ्यात हलणाऱ्या स्कोपमधून वारकरी पक्षी मोजणं म्हणजे डोकेदुखी.